न्यू मीडिया आर्ट: नाव जुनं झालं, काम उरलं आहे का?

१९६५ साली नाम जून पाइक या कोरियात जन्मलेल्या कलावंताने एका चालू टीव्हीवर नालाच्या आकाराचा भलामोठा चुंबक ठेवला. त्या काळच्या टीव्हीत काचेमागून इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर चित्र रेखायचा. चुंबकाने तो झोत वाकवला आणि पडद्यावर वळणावळणांची एक अमूर्त आकृती उमटली. चुंबक सरकवला की आकृती बदलायची. ‘मॅग्नेट टीव्ही’ नावाचं हे काम आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाकडे आहे.

आता समजा, तो टीव्ही कायमचा बंद पडला आणि कुणी त्याजागी आजचा सपाट एलसीडी टीव्ही आणून ठेवला. त्यावर चुंबक कितीही फिरवा, ती आकृती काही येणार नाही. एलसीडीत वाकवायला झोतच नसतो. म्हणजे इथे कलाकृती नेमकी कोणती म्हणायची? लाकडी खोकं, काच, चुंबक या सगळ्या वस्तू शाबूत असू शकतात आणि तरी कलाकृती नाहीशी झालेली असू शकते, कारण ती त्या वस्तूंमध्ये जे घडत होतं त्यात होती.

अशा कामांना काय म्हणायचं, हा प्रश्न साठ वर्षांत अनेक नावांनी सोडवून पाहिला गेला. संगणक कला, इलेक्ट्रॉनिक कला, मल्टिमीडिया, डिजिटल आर्ट. त्यांतलं सगळ्यांत टिकलेलं आणि सगळ्यांत जास्त शिव्या खाल्लेलं नाव म्हणजे न्यू मीडिया आर्ट, मराठीत नवमाध्यम कला. इंटरनेट घरोघरी येऊ लागलं त्या १९९०च्या दशकात ते रुळलं. त्याच्या छत्रीखाली व्हिडिओ आला, प्रेक्षकाच्या हालचालीला प्रतिसाद देणारी मांडणशिल्पं आली, फक्त ब्राउझरमध्येच पाहता येतील अशी कामं आली, यंत्रमानव आले, संगणकीय खेळ आले, आणि एदुआर्दो काक यांचा २००० सालचा जनुकबदल केलेला चमकणारा ससाही आला. इतक्या गोष्टी एका छत्रीत मावतात म्हटल्यावर शंका येणारच: ही छत्री खरंच काही झाकते आहे, की नुसतीच उघडी धरली आहे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कलादालनाच्या भिंतीवरच्या पाटीवर हे नाव लिहून आता फारसं काही साधत नाही. पण दालनामागे, जिथे कामं विकत घेतली जातात, साठवली जातात, दुरुस्त होतात आणि त्यांचा इतिहास लिहिला जातो, तिथे या नावावाचून अडतं.

ही कला वेगळी कशी पडली ते आधी पाहू. १९६५ सालीच जर्मनीत श्टुटगार्ट इथे गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेल्या रेखाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही संगणकचित्रं भिंतीवर लागली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका लष्करी कवायतगृहात ‘नाइन इव्हनिंग्ज’ हा कार्यक्रम झाला. त्यात दहा कलावंत होते आणि त्यांच्या जोडीला बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेचे तीसेक अभियंते. १९६८ साली लंडनच्या आयसीए या संस्थेत जाशिया रायखार्ट यांनी ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ हे मोठं प्रदर्शन मांडलं. चित्रं काढणारी, आवाजाला प्रतिसाद देणारी यंत्रं आणि संगणकाने रचलेल्या कविता तिथे एकत्र होत्या.

सुरुवात अशी धडाक्याची होती. तरी मुख्य प्रवाहातल्या संग्रहालयांनी या मंडळींना आत घेऊन बसवलं नाही, तेव्हा त्यांनी आपली घरं वेगळी बांधली. १९७९ साली ऑस्ट्रियातल्या लिंट्स शहरात आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सव सुरू झाला. १९८९ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे झेडकेएम ही संस्था स्थापन झाली आणि पुढे एका जुन्या दारूगोळा कारखान्याच्या प्रचंड इमारतीत थाटली गेली. १९९६ साली ऱ्हायझोम ही संस्था उभी राहिली, ती इंटरनेटवरच्या कलेसाठी. स्वतंत्र महोत्सव, स्वतंत्र बक्षिसं, स्वतंत्र समीक्षक असं सगळं जमत गेलं. या जगाचे निकष किती निराळे होते याचा एक नमुना पुरे. १९९९ साली आर्स इलेक्ट्रॉनिकाने इंटरनेट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक कुठल्याही कलावंताला न देता लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला दिलं! चित्रकलेच्या जगात वावरणाऱ्याला हा विनोद वाटेल. त्या वर्तुळातल्या लोकांना मात्र ते अगदी रास्त वाटलं, कारण हजारो माणसांनी मिळून, मालकी न सांगता उभी केलेली रचना त्यांच्या लेखी एक सांस्कृतिक कृतीच होती.

या दोन जगांमधलं अंतर लेव मॅनोविच या अभ्यासकाने १९९६ साली एका जोडीत पकडलं. एक ‘द्युशांचा प्रदेश’ आणि दुसरा ‘ट्युरिंगचा प्रदेश’. मार्सेल द्युशां यांनी मुतारीला शिल्प म्हणून प्रदर्शनात धाडलं, तर ॲलन ट्युरिंग यांनी संगणकशास्त्राचा पाया घातला. पहिल्या प्रदेशात आशय, उपरोध आणि कलेच्या इतिहासाशी चाललेला संवाद यांना मोल. दुसऱ्यात तंत्र नवं आहे का, नीट चालतं का, याला. पहिल्यातला माणूस दुसऱ्याच्या प्रदर्शनात गेला की त्याला सगळं विज्ञानमेळ्यासारखं दिसतं. दुसरा पहिल्याकडे गेला की विचारतो, यात केलंय काय? हे दोन प्रदेश एकत्र येणार नाहीत, असं मॅनोविच यांचं त्या वेळचं म्हणणं होतं.

मग काही वर्षांत जग असं बदललं की भांडणच कालबाह्य वाटू लागलं. चित्रकार संगणकावर कच्चं रेखाटन करू लागला, शिल्पकार त्रिमितीय प्रिंटर वापरू लागला. सगळेच डिजिटल साधनं वापरतात म्हटल्यावर डिजिटल असण्यात वेगळं काय राहिलं? आणि ‘नवं’ या विशेषणाची मुदत कधी ना कधी संपणारच होती.

क्रिस्टियन मार्क्ले यांचं २०१० सालचं ‘द क्लॉक’ घ्या. चोवीस तासांचं हे काम. जगभरच्या चित्रपटांतले हजारो तुकडे, आणि जवळजवळ प्रत्येकात कुठे ना कुठे घड्याळ दिसतं किंवा वेळेचा उल्लेख येतो. ते अशा बेताने जोडलेले आहेत की पडद्यावरची वेळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरची वेळ तंतोतंत एक असते. हे जुळवायला सॉफ्टवेअर लागतं. २०११ साली व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्याबद्दल मार्क्ले यांना सुवर्णसिंह हे मानाचं पारितोषिक मिळालं. ‘द क्लॉक’ला न्यू मीडिया आर्ट कुणी म्हटल्याचं क्वचितच वाचायला मिळेल. सगळे त्याला सरळ समकालीन कला म्हणतात, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

या प्रवर्गावरचा सगळ्यांत उघड घाव २००८ साली बसला, आणि तोही त्याच लंडनच्या आयसीएत, जिथे चाळीस वर्षांपूर्वी ते गाजलेलं प्रदर्शन भरलं होतं. संचालक एकोव एशुन यांनी संस्थेचा ‘लाइव्ह अँड मीडिया आर्ट्स’ विभाग बंद केला. या कलाप्रकारात एकूणात पुरेशी खोली आणि सांस्कृतिक निकड नाही, अशा आशयाचं कारण त्यांनी दिलं. या क्षेत्रातल्या लोकांचा संताप झाला. पण खरं सांगायचं तर एशुन यांचा आरोप पूर्ण निराधार नव्हता. त्या काळात महोत्सवांतून फिरलं की हात हलवल्यावर ठिपके उडणारे पडदे डझनांनी भेटत. तंत्र दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या, पुढे जायचं. वेगळं घर बांधलं की बाहेरची टीकाही आत येत नाही, हा त्याचा तोटा. चूक होती ती सरसकटीकरणात. वाईट कामं कुठल्या प्रकारात होत नाहीत? वाईट तैलचित्रं निघतात म्हणून तैलचित्रांचा विभाग कुणी बंद करत नाही.

चार वर्षांनी क्लेअर बिशप या समीक्षक बाईंनी ‘आर्टफोरम’ या कलामासिकात एक लेख लिहिला आणि पुन्हा आग लागली. त्यांचा प्रश्न चांगला होता: आपण सगळे पडद्यांमधून बघतो, विचार करतो, तरी मुख्य प्रवाहातली समकालीन कला या अनुभवाला भिडताना इतकी कमी का दिसते? गडबड अशी, की न्यू मीडिया आर्ट हे वेगळं, विशेषज्ञांचं क्षेत्र म्हणून त्यांनी सुरुवातीलाच बाजूला ठेवलं. ज्या लोकांनी नेमका हाच अनुभव वीस वर्षं हाताळला, ते वाचून म्हणाले, अहो, आम्ही इथेच आहोत की! नाव असल्याचा हा उलटा परिणाम. नावामुळे तुम्ही सापडता, आणि नावामुळेच तुम्हाला वगळणंही सोपं जातं.

इटालियन समीक्षक दोमेनिको क्वारांता यांनी हा गुंता मला सगळ्यांत पटेल असा सोडवला. त्यांचं म्हणणं असं की न्यू मीडिया आर्ट हे कुठल्या माध्यमाचं किंवा शैलीचं नाव कधी नव्हतंच. ते एका कलाजगताचं नाव आहे. त्या जगाचे आपले महोत्सव, आपल्या संस्था, आपली मूल्यं. एकच काम एका जगात नेलं की न्यू मीडिया ठरतं, दुसऱ्यात नेलं की समकालीन कला. इतकं मान्य केलं की कितीतरी वाद विझतात. या प्रकारातली कामं दिसायला एकमेकांसारखी का नाहीत, हे कोडंही उरत नाही.

मात्र एवढ्यावर थांबलं तर हे नाव केवळ एका टोळीचं ओळखपत्र ठरेल. ते तसं नाही, हे दाखवणारी कामं आहेत. त्यांतलं मला आवडणारं ओल्या लियालिना यांचं २०१३ सालचं ‘समर’. दिसायला एकदम साधं. झोपाळ्यावर झुलणारी एक बाई, मागे फिकट आकाश. छोटंसं, पुन्हा पुन्हा फिरणारं ॲनिमेशन. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, यात काय आहे? मग नजर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे जाते, आणि तो पत्ता सारखा बदलताना दिसतो. या ॲनिमेशनची प्रत्येक फ्रेम वेगळ्या संकेतस्थळावर ठेवलेली आहे. ब्राउझर एका स्थळावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर धावतो, तेव्हा कुठे झोपाळा हलतो. नेट वेगवान असेल तर झोका जोरात, रेंगाळलं तर बाई हवेतच अडकते. या फ्रेम सांभाळणाऱ्यांपैकी एकाने आपलं संकेतस्थळ बंद केलं तर झोका तिथेच तुटतो. अनेक माणसांनी आपापल्या जागेत एकेक चित्र जपून ठेवलंय, एवढ्या भरवशावर ते काम चालतं. त्याची व्हिडिओ फाइल करून पेनड्राइव्हवर घेतली तर चित्र मिळेल, काम मिळणार नाही.

म्हणूनच बेरिल ग्रॅहम आणि सारा कुक या ब्रिटनमधल्या दोन क्युरेटरांनी सुचवलेली दिशा मला उपयोगी वाटते. काम कशाचं बनलं आहे हे विचारण्याआधी ते वागतं कसं ते पाहा, असं त्या म्हणतात. ते चालू असताना काही मोजतं का, नेटवर्कवर अवलंबून आहे का, पाहणाऱ्याच्या कृतीने बदलतं का? या कसोटीवर ‘मॅग्नेट टीव्ही’ आणि ‘समर’ शेजारी येऊन बसतात, मध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर असूनही. उलट संगणकावर रंगवून कागदावर छापलेलं चित्र बाहेर पडतं, कारण छापल्यावर ते गुमान भिंतीवर टांगलेलं असतं. गंमत म्हणजे ‘द क्लॉक’ अर्धवट आत येतं. ते दहा मिनिटं मागे पडलं तर एकही दृश्य न बदलता त्याचा जीव जातो. पाटीवर समकालीन कला लिहा, हरकत नाही, पण ते चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्या जगातलं ज्ञान लागणारच.

ते ज्ञान कसलं, हे जतनाच्या कामात नीट दिसतं, आणि माझ्या दृष्टीने या प्रवर्गाचा खरा अर्थ तिथेच आहे. तैलचित्र अंधाऱ्या, कोरड्या खोलीत ठेवलं तर शंभर वर्षांनीही तैलचित्रच राहतं. सॉफ्टवेअरवरचं काम कपाटात ठेवलं की मरतं, कारण त्याच्या भोवतालचं सगळं बदलून जातं. ॲडोबी कंपनीने फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचा आधार २०२० सालच्या अखेरीस काढून घेतला तेव्हा त्यात बनवलेली असंख्य कामं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. त्यांच्या फाइलींना कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने या संकटावर लवकर विचार सुरू केला. तिथल्या लोकांनी चार वाटा मांडल्या. पहिली, मूळ यंत्रं आणि सुटे भाग साठवून ठेवायचे. ही सगळ्यांत प्रामाणिक वाट, पण ती आटणाऱ्या विहिरीसारखी आहे. जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही आता कुठे बनतात? दुसरी, इम्युलेशन: आजच्या संगणकाला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावायचं, म्हणजे जुना प्रोग्राम आत जसाच्या तसा चालतो. तिसरी, स्थलांतर: काम नव्या तंत्रात पुन्हा लिहून काढायचं. आणि चौथी, सगळ्यांत धाडसी, की कामाचा गाभा घेऊन ते आजच्या साधनांत नव्याने घडवायचं. यातली कोणती वाट घ्यायची, हे कलावंत जिवंत असतानाच विचारून लिहून ठेवायचं, असा त्यांचा आग्रह होता. रंगवलेल्या कॅनव्हासबद्दल चित्रकाराला असं कोण विचारतं?

२००४ साली त्यांनी ‘सीइंग डबल’ नावाचं प्रदर्शन करून हा प्रश्न प्रेक्षकांसमोरच टाकला. मूळ काम आणि त्याची इम्युलेशन वगैरे करून जगवलेली आवृत्ती शेजारी शेजारी. त्यात ग्रेम वाइनब्रेन आणि रॉबर्टा फ्रीडमन यांचं ‘द अर्ल किंग’ होतं. १९८०च्या दशकातलं हे काम लेसरडिस्कवर चाले आणि पाहणाऱ्याने पडद्याला बोट लावलं की कथा दुसरीकडे वळे. नव्या आवृत्तीत डिस्क गेल्या, पण बोटाने वळणारी कथा राहिली. दोन्हींपुढे उभं राहून माणूस स्वतः ठरवू शकत होता, काय हरवलं आणि ते हरवल्याने बिघडलं का. कलाकृती म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून बाहेर येऊन इतका हाताला लागण्याजोगा झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शू ली चियांग यांच्या ‘ब्रँडन’चं उदाहरण याच्याच पुढचं. १९९८ साली सुरू झालेलं हे काम म्हणजे गुगेनहाइमने इंटरनेटसाठी करवून घेतलेली पहिली कलाकृती. पुढे ब्राउझरांनी जावा ॲपलेट, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्राम, चालवणं सोडलं आणि तिचे काही भाग मुके झाले. मग संग्रहालयाने संगणकशास्त्राच्या लोकांना हाताशी धरून ते भाग आजच्या ब्राउझरला कळतील असे पुन्हा लिहवले. हे काम रंग भरणाऱ्या पुनर्संवर्धकाचं नाही. त्याला कोड वाचता यायला हवा, आणि त्यातली कोणती ओळ कलावंताची निवड होती नि कोणती केवळ त्या काळची मजबुरी, हे ओळखता यायला हवं.

या नावाचा दुसरा उपयोग स्मरणशक्तीचा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ‘एडमंड द बेलामी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला गेलं. यंत्र चित्र काढू लागलं, अशा बातम्या झाल्या. या क्षेत्रातल्या लोकांना दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक, ते विकणाऱ्या फ्रेंच त्रयीने वापरलेला कोड बराचसा रॉबी बॅराट या तरुणाने इंटरनेटवर खुला ठेवलेला होता. आणि दुसरी, हॅरल्ड कोहेन या ब्रिटिश चित्रकाराने १९७०च्या दशकापासून, २०१६ साली मृत्यू होईपर्यंत, ‘ॲरन’ या चित्र काढणाऱ्या प्रोग्रामवर काम केलं होतं. एनएफटीचीही, म्हणजे डिजिटल कामाच्या मालकीच्या नोंदीचीही, तीच कथा. २०२१ साली बीपल या डिजिटल कलावंताचं काम ६ कोटी ९३ लाख डॉलरला विकलं गेल्यावर जगाला हा शब्द कळला. पण डिजिटल कामाची मालकी ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीवर नोंदवण्याचं प्रात्यक्षिक केविन मकॉय आणि अनिल डॅश यांनी २०१४ सालीच केलं होतं, तेही ऱ्हायझोमच्या कार्यक्रमात. बाजार दर काही वर्षांनी पहिल्यांदाच जागा होतो. आधीचे दिवस लक्षात ठेवणारं कुणी तरी असावं लागतं.

म्हणून जे म्हणतात की आता सगळी कला एकच, वेगळ्या खोल्या कशाला, त्यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. प्रेक्षकासाठी खोल्या मोडाव्यात. लियालिना यांचं काम चांगल्या छायाचित्राशेजारी लागलं तर दोघांचाही फायदाच होईल. कलावंतांनाही या बिल्ल्याचा कंटाळा येतो, आणि तो रास्त आहे. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात छायाचित्रणाचा विभाग १९४० पासून आहे. त्यामुळे छायाचित्रं चित्रांशेजारी लागायची थांबली नाहीत, आणि निगेटिव्ह कशी जपायची हे जाणणारी माणसं मात्र संस्थेत राहिली. नाव बदलायचं तर खुशाल बदला. काही संग्रहालयं ‘काळाधारित माध्यमं’ म्हणतात, ते जरा रुक्ष असलं तरी अधिक खरं आहे. विभाग मात्र मोडू नका.

कारण पुढचं संकट आधीच्यापेक्षा अवघड आहे. आजवर निदान यंत्र किंवा प्रोग्राम कुणाच्या तरी हातात असे. आता कित्येक कामं दुसऱ्याच्या सेवेवर जगतात. ट्विटरने २०२३ साली प्रोग्रामांसाठीचा पूर्वीचा मोफत प्रवेश बंद केला, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं आपोआप कविता लिहीत नि चित्रं काढत बसलेली कितीतरी कलात्मक बॉट खाती एका फटक्यात गप्प झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी मॉडेलं तर कंपन्यांच्या सर्व्हरवरच असतात. प्रेक्षकाने प्रश्न विचारला की मॉडेल उत्तर देतं आणि त्यातून काम घडतं, असं एखादं मांडणशिल्प संग्रहालयाने विकत घेतलं आणि दोन वर्षांनी कंपनीने मॉडेलची ती आवृत्ती निवृत्त केली, तर नवी आवृत्ती वेगळंच बोलेल. इथे सुटे भाग साठवता येत नाहीत, कारण ते कधी विकलेच गेले नव्हते. इम्युलेशन करता येत नाही, कारण आतलं काही उघड नाही. उरतात त्या चालू असतानाच्या नोंदी, कलावंताची तपशीलवार मुलाखत, आणि मॉडेल बदललं तर काम तेच मानायचं का याबद्दलचं करारातलं एक कलम. असं कलम खरेदीच्या दिवशीच लिहून घ्यायला हवं, हे ज्यांना सुचतं ती माणसं सध्या बहुतेक करून याच जुनाट नावाच्या विभागांत बसलेली आहेत.